मंडालेची पेन्सिल : एका दोन अंकी नाटकाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, रत्नागिरी

विषय ठरला. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगवासावर दोन अंकी नाटक करायचं.

बोलणं सुरू झालं ते न्गुगी वा थिओंगो यांच्यावरून. २८ मेला ते गेले. गावकऱ्यांना घेऊन केलेलं गिकुयू भाषेतलं नाटक सरकारला झोंबलं, म्हणून १९७७ च्या अखेरीस केनियात त्यांना खटला न चालवता डांबलं आणि कामिटीच्या तुरुंगात त्यांनी संडासच्या कागदावर कादंबरी लिहिली. आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या मुलांना हे नवीन होतं. कागदाचा मुद्दा त्यांना फार भिडला. लेखकाला कोंडणाऱ्यांच्या हातात कुलूप असतं तसा कागदही असतो, हे त्यांनीच बोलता बोलता काढलं. तिथून मंडालेला यायला वेळ लागला नाही. आमच्या गावात जन्मलेल्या माणसाने ब्रह्मदेशात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं, हे इथल्या प्रत्येक पोराला शाळेपासून माहीत आहे. पण पेन्सिलच का, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

कोर्टाचा प्रवेश घ्यायचा नाही, असं मी आजच जाहीर केलं. नाराजी झाली. टिळक करणाऱ्या नटाला ते भाषण हवं होतं, आणि ते साहजिक आहे. पण ज्युरीतले सात विरुद्ध दोन, एकवीस तासांवर चाललेलं टिळकांचं स्वतःचं बचावाचं भाषण, निकालानंतरचे ते धीरोदात्त शब्द, हे सगळं लोकांनी इतक्यांदा पाहिलंय की प्रेक्षक आधीच टाळ्यांच्या तयारीत बसतात. मला टाळ्यांनंतरची सहा वर्षं हवी आहेत.

१६ जून

टिपणं काढत बसलो आहे. संहितेसाठी जे लागणार ते असं.

‘केसरी’तले अग्रलेख मे-जून १९०८ चे. त्यांतल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवर खटला उभा राहिला. अटक २४ जूनला. न्यायमूर्ती दावर, हेच दावर १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या बाजूने उभे होते. २२ जुलैच्या रात्री शिक्षा झाली : सहा वर्षं काळं पाणी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. आधी साबरमती, मग सप्टेंबरात बोटीने रंगून आणि तिथून मंडाले. पुढे सक्तमजुरी काढून शिक्षा साधी केली.

आता लेखनाचे नियम. पुस्तकं मागवायला परवानगी, पण चालू राजकारणावरचं काही नको. वर्तमानपत्र नाही. पत्रं मोजकी, आणि तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून. सुटे कागद नाहीत. बांधलेल्या वह्या आणि त्यांची पानं मोजून दिलेली. शाई नाही, पेन्सिल. पान फाडलं तर मोजणीत कळणार, एखादा कागद बाहेर गेला तर कळणार.

नाटकाचा खलनायक मला इथे सापडला. मिशा पिळणारा गोरा जेलर मी आणणार नाही. वही उघडून पानं मोजणारा एक सभ्य, कंटाळलेला, कधीकधी अदबीने वागणारा कारकून आणीन. मुस्कटदाबी बहुतेक वेळा अशीच चालते : रजिस्टर, शिक्का, सही. प्रेक्षकाला तो माणूस वाईट वाटता कामा नये आणि तरी त्याच्या हाताकडे बघवू नये, एवढं साधलं तर पहिला अंक उभा राहील.

२९ जून

नेपथ्याची पहिली बैठक. कोठडी म्हटल्यावर नेपथ्यकाराने दगडी भिंतीचे फ्लॅट काढून आणले. मी त्यांना सुभाषबाबूंच्या पत्राबद्दल सांगितलं. १९२५ मध्ये सुभाषचंद्र बोस त्याच मंडालेच्या तुरुंगात होते. टिळकांना जिथे ठेवलं होतं ती जागा त्यांनी पाहिली आणि न. चिं. केळकरांना पत्रातून कळवली. ती कोठडी लाकडाची होती. उभ्या दांड्यांची, मधे फटी असलेली. ऊन अडत नाही, थंडी अडत नाही, पाऊस आत येतो, मंडालेची धूळ तर हमखास येते. टिळकांनी लावलेली म्हणून सांगितली जाणारी लिंबाची झाडं तेव्हाही आवारात होती.

म्हणजे भिंतच नाही. हे ऐकून नेपथ्यकार गप्प बसले आणि मग पेन्सिल घेऊन भराभर काढायला लागले. दगडी फ्लॅट रद्द. जंगली लाकडाच्या दोन इंची रिपा, उभ्या, तीन बाजूंनी, मधे चार बोटांची फट. प्रकाश मागून टाकला की टिळकांच्या अंगावर आणि वहीवर सावल्यांच्या रेघा पडतील. प्रकाशयोजना करणाऱ्याने लगेच सांगितलं की दिवस कसा सरकतो ते या रेघांवरूनच दाखवता येईल, वेगळा ब्लॅकआऊट लागणार नाही. सुतारकाका म्हणाले, “रिपा हलक्या घ्या रे, ट्रकात चढवताना तुमचे हात नसतात, माझे असतात.” ते बरोबर आहे. रिपा पोकळ करायच्या.

एक गोष्ट टिपून ठेवतो, नाटकात येईल की नाही माहीत नाही. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, थिबा राजाला पदच्युत केलं आणि आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याचा राजवाडा इथे १९१० साली बांधून झाला. आमच्यातले अर्धे जण त्याच्या सावलीत लहानाचे मोठे झाले. टिळकांचा तुरुंग त्याच राजाच्या मंडालेच्या किल्ल्यात, तटाच्या आत. मंडालेचा माणूस रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे कैदी, एकाच वेळी. रत्नागिरीत नाटक करताना हे न बोलणं मला जमणार नाही. बहुधा कारकुनाच्या तोंडी एक वाक्य देईन.

१० जुलै

आज दुसरं पात्र मिळालं, आणि माझ्या मते नाटक खऱ्या अर्थाने आज सुरू झालं.

टिळकांना स्वयंपाकाला म्हणून एक कैदी दिला होता, वासुदेवराव कुलकर्णी. सातारा भागातला माणूस, येरवड्याहून आणलेला. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणी छापलेल्या आहेत. टिळक पहाटे उठायचे, संध्या, मग वाचन, मग लेखन, ठरलेल्या वेळी जेवण. मधुमेहामुळे खाण्यावर बंधनं. त्यातली चिमण्यांची आठवण महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते : लिहायला बसले की चिमण्या टेबलावर, अंगाखांद्यावर येऊन बसायच्या आणि साहेबाला त्याचं नवल वाटायचं.

चिमण्या मी घेणार नाही. रंगमंचावर चिमणी आणली की टिळक संत होतात, आणि मग त्यांच्याशी कुणाला भांडता येत नाही. मला स्वयंपाकी हवा आहे तो भांडण्यासाठी. दोन अंक एक माणूस बसून लिहितोय, यात प्रेक्षक काय पाहणार? तो स्वयंपाक्याच्या डोळ्यांनी पाहणार. हा माणूस राजकारणासाठी आत आलेला नाही. त्याला घरची आठवण येते, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, ब्रह्मी भाषा कळत नाही, आणि ज्या माणसाशी बोलावं तो दिवसभर वहीत डोकं घालून बसलेला. “महाराज, एवढं कुणासाठी लिहिताय? आधी सरकारच वाचणार.” हे वाक्य मी त्याला दिलं. वाचनात ते आलं तेव्हा सगळी खोली हलली. टिळकांनी यावर काय उत्तर द्यायचं हे मी लिहिलं नाही. टिळक पान उलटतात आणि पुढे लिहितात, बस.

आणखी एक. स्वयंपाकी ब्राह्मण असावा म्हणून तो लांबून आणला गेला. तुरुंगातही जात चुकली नाही. ग्रुपमधल्या एका मित्राने हे आज स्पष्टपणे मांडलं आणि म्हणाला, की हे झाकलंस तर मी काम करणार नाही. झाकणार नाही. कारकुनाच्या रजिस्टरमध्ये कैद्याचा नंबर, गुन्हा आणि जात असे तीन रकाने असतील आणि तो ते तिन्ही एकाच स्वरात वाचेल.

२३ जुलै

टिळकांची जयंती. सकाळी सगळे टिळक आळीतल्या जन्मस्थानी जाऊन आलो. कौलारू घर, मातीचा वास, पावसाने अंगण निसरडं झालेलं.

संध्याकाळी तालमीऐवजी चर्चाच झाली आणि ती लांबली. मुलींच्या संमतीचं वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी १८९१ मध्ये केलेला विरोध, मुलींच्या शिक्षणाबद्दलची त्यांची मतं. टिळकांच्या पत्नीचं, सत्यभामाबाईंचं काम करणाऱ्या मुलीने विचारलं, “या माणसाच्या लिहिण्याच्या हक्कासाठी मी का रडायचं?” प्रश्न अगदी योग्य आहे. माझं उत्तर मी तिला दिलं ते इथे लिहून ठेवतो. ज्याचं सगळं म्हणणं आपल्याला पटतं त्याच्यासाठी लेखनाचा हक्क मागणं सोपं असतं. नाटकाने अवघड बाजू धरावी. टिळकांचं कोणतं मत बरोबर याचा निवाडा आपण करत नाही. लिहिल्याबद्दल सहा वर्षं कोंडणाऱ्या सरकारचा करतो. तिला हे पूर्ण पटलं असं नाही. पण ती काम करतेय, आणि तिच्या न पटण्यामुळे तिचा प्रवेश चांगला होणार आहे अशी माझी खात्री आहे.

६ ऑगस्ट

दुसऱ्या अंकाचा पाया आज घातला. सगळा आधार तारखांचा.

पहिली वही २ नोव्हेंबर १९१० ला सुरू. ८ डिसेंबरला आठ प्रकरणं पुरी, पानं चारशेच्या वर. म्हणजे रोज दहा-अकरा पानं, पेन्सिलीने, पाच आठवडे सलग. जानेवारी १९११ अखेर पंधराही प्रकरणं हातावेगळी. श्लोकांच्या भाषांतरासकट सगळं ३० मार्चला संपलं. एका हिवाळ्यात.

हा वेग पाहून मी थक्क झालो होतो. मग प्रस्तावना पुन्हा वाचली. १८७२ साली वडील अखेरच्या आजारात होते तेव्हा सोळा वर्षांच्या टिळकांनी त्यांना गीतेवरची मराठी टीका वाचून दाखवली होती. प्रश्न तेव्हापासूनचा : लढायला उभ्या राहिलेल्या माणसाला सांगितलेलं शास्त्र संन्यासात कसं संपेल? अडतीस वर्षं डोक्यात घोळलेलं पाच महिन्यांत कागदावर उतरलं. मंडालेत आल्यावर दोन वर्षं त्यांनी लिहायला घेतलं नव्हतं. वाचत होते, पाली, जर्मन, फ्रेंच शिकत होते. शेकडो पुस्तकं त्या लाकडी खोलीत जमली होती.

म्हणून रचना अशी. पहिला अंक : न लिहिणं. कोऱ्या वह्या येतात, मोजल्या जातात, तशाच राहतात. स्वयंपाकी वैतागतो, कारकून दर तपासणीला कोरी पानं मोजतो. दुसरा अंक : लिहिणं सुरू होतं ते थांबतच नाही. कारकुनाला मोजायला वेळ पुरेना. पाने वाढत जातात तसा त्याचा आवाज वाढतो.

आणि नाटकाचा कणा हाच आहे. दोन अग्रलेखांसाठी ज्याला हद्दपार केलं, त्याला त्याच सरकारने वही दिली, पेन्सिल दिली, पानं मोजली, आणि त्या पानांवर निष्काम कर्माचा, म्हणजे हातपाय न गाळता कामाला लागण्याचा एवढा मोठा युक्तिवाद उभा राहिला. आकडा त्यांच्या रजिस्टरमध्ये अगदी बरोबर होता.

२१ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी. चाकरमानी यायला लागले, अर्ध्या मुलांची घरं भरली. तालीम आता गौरी-गणपती गेल्यावरच. रिपा कापून झाल्या आहेत, रंग बाकी.

१५ सप्टेंबर

‘कीचकवधा’चा प्रवेश आज उभा केला. तो नाटकात हवाच, असा माझा हट्ट होता, कारण मंडालेत लेखक बंद असताना इकडे नाटकच बंद केलं गेलं.

खाडिलकर टिळकांचे सहकारी. टिळक आत गेल्यावर ‘केसरी’ची जबाबदारी त्यांनी वाहिली. त्यांचं हे नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणलं. गोष्ट महाभारतातली. विराटाघरी सैरंध्री, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, सबुरीचा सल्ला देणारा कंकभट्ट, आणि भीम. कुणीही नाव घेतलं नाही, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे हा देश, हे पिटातल्या प्रेक्षकालाही समजत होतं. लंडनच्या ‘टाइम्स’चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० मध्ये लिहिलं, की ज्याने हा प्रयोग पाहिला तो इंग्रज याला नुसती करमणूक म्हणणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत बंदी आली होती. हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, कलकत्त्याच्या बंगाली नाटकांना आवरण्यासाठी केलेला. बंदी उठायला पुढे पंधराहून अधिक वर्षं लागली.

मंचाची उजवी बाजू पुण्याची ठेवली आहे. रंगपट, आरसा, भीमाची गदा. बंदीचा हुकूम येतो तेव्हा भीमाचं काम करणारा नट अर्ध्या मेकअपमध्ये आहे. डाव्या बाजूला रिपांच्या आत टिळक वाचत बसलेले. त्यांना वर्तमानपत्र मिळत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी उजेडात, मधून एकही शब्द पलीकडे जात नाही. आज तालमीत हा प्रवेश झाल्यावर भीम करणारा मुलगा गदा खाली ठेवायला तयार नव्हता. त्याला तसंच करायला सांगितलं. हुकूम वाचून होतो, सगळे जातात, तो गदा घेऊन उभाच राहतो.

२७ सप्टेंबर

संहितेच्या प्रती काढून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे रवाना. प्रयोग करायचा तर प्रमाणपत्र लागतं, हा महाराष्ट्रातला नियम कुठल्याही हौशी संस्थेला तोंडपाठ असतो. स्वातंत्र्य मिळालं तरी नाटक आधी दाखवून घ्यायची पद्धत राहिली. अमोल पालेकर २०१६ मध्ये याच पूर्वतपासणीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे आणि ते मी संस्थेच्या बैठकीत पुन्हा मांडलं : प्रयोगानंतर कायदा आहेच, आधी संहिता कुणी वाचून पास करायची गरज नाही. पानांवर क्रमांक घालताना कारकुनाचं काम करणारा नट शेजारी होता. क्रमांक त्यानेच घातले, शेवटपर्यंत, एकही शब्द न बोलता. त्या दिवसापासून त्याचं वही मोजणं बदललं आहे. बोटाला थुंकी लावतो, पान उलटतो, वर बघतच नाही.

१२ ऑक्टोबर

सत्यभामाबाई. ७ जून १९१२ ला त्या पुण्यात गेल्या. टिळकांना तार मंडालेत. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात आघात उघड आहे, आणि त्याबरोबरच मुलांच्या अभ्यासाची आबाळ होऊ देऊ नका ही सूचनाही आहे.

हा प्रवेश पुन्हा पुन्हा लिहून फाडायची गरज पडली नाही, कारण सत्यभामाबाईंचं काम करणाऱ्या मुलीने तो सुचवला तसाच ठेवला. तिचं म्हणणं होतं, की सत्यभामाबाई आतापर्यंत नाटकात एकदाही बोललेल्या नाहीत, तर इथेही बोलू नयेत. पण त्या दिसाव्यात. त्या उजवीकडे पुण्याच्या घरात पुस्तकांची पेटी भरत आहेत, मंडालेला पाठवायची. एकेक ग्रंथ पदराने पुसून ठेवतात. तार डावीकडे वाचली जाते, तरी त्या पेटी भरतच राहतात. टिळक करणाऱ्या नटाला मी रडायचं नाही असं सांगितलं होतं. आज त्याचा कंठ दाटला आणि मी थांबवलं नाही. कारकून पत्र तपासतो, शिक्का मारतो. शिक्क्याच्या आवाजाने प्रवेश संपतो.

२ नोव्हेंबर

प्रमाणपत्र आलं, एकही शब्द न कापता. तारीख पाहून सगळ्यांना आनंद झाला, पहिली वही याच दिवशी सुरू झाली होती.

ध्वनी : पेन्सिलीचा आवाज खरा हवा, रेकॉर्ड केलेला नको. टेबलाच्या फळीखाली छोटा माइक चिकटवला. आज सभागृहात ऐकून पाहिलं. शेवटच्या रांगेपर्यंत शिसाची खरखर पोहोचते. नट खरंच लिहितो, ‘गीतारहस्य’तलाच मजकूर, म्हणून लय खरी येते. जुन्या आवृत्तीत मंडालेच्या हस्तलिखिताच्या पानाचा फोटो आहे, वह्यांची आखणी त्यावरून केली. पार्श्वसंगीत दुसऱ्या अंकातून पूर्ण काढून टाकलं. संगीत करणारा मित्र आधी दुखावला, मग खरखर ऐकल्यावर त्यानेच आपला तबला पिशवीत घातला.

९ नोव्हेंबर

रंगीत तालीम. शेवटचा प्रवेश आज पक्का केला.

जून १९१४. टिळकांना गुपचूप आणून रात्री पुण्यात गायकवाड वाड्याच्या दारात सोडलं. माणूस सुटला, वह्या सुटल्या नाहीत. त्या सरकारकडे तपासायला राहिल्या. परत मिळतील की नाही, अशी मित्रांना काळजी. टिळकांचं म्हणणं आठवणींमध्ये येतं ते असं : वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. वह्या परत आल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. अर्पणपत्रिकेत ग्रंथ अर्पण केला तो : श्रीशाय जनतात्मने.

ग्रंथ छापला गेल्याचं दाखवायचं की नाही यावर वाद होता. मी ते काढलं. पडदा पडतो तेव्हा वह्या कारकुनाच्या टेबलावर आहेत आणि टिळक पुण्यात, हातात कोरी वही घेऊन, पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य पाठ म्हणत लिहायला बसतात. इतिहासात त्यांना तसं लिहावं लागलं नाही. पण ते लिहिणार होते, आणि त्या तयारीपुढे सगळी मोजणी फुकट जाते; माझ्या नाटकाला तेच दाखवायचं आहे. संहितेत या प्रवेशावर ‘कल्पित’ अशी सूचना टाकली आहे, निवेदनातही ती येईल.

राहिलेली कामं : डाव्या विंगेतली तिसरी रीप सैल आहे. कारकुनाचा चष्मा काळाला शोभत नाही, बदलायचा. भीमाची गदा रंगपटाच्या आरशात दिसत नाही, आरसा हातभर पुढे. पेन्सिली भरपूर, टोक काढून. ट्रक सकाळी सहाला, सुतारकाकांना आधी चहा.